पंडिता रमाबाई : वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन पुण्यात आलेली विदुषी

पुण्याची सदाशिव पेठ आज क्लासेस, पुस्तकांची दुकानं, खानावळी आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी गजबजलेली असते. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ. त्याच लढाईत भाऊंच्या बाजूने लढलेल्या इब्राहिमखान गारदींचं नाव आपल्या वाचकांना नवं नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा म्हणजे जुन्या वळणाच्या ब्राह्मण कुटुंबांची वस्ती. वाड्यात दहा-वीस माणसं, आणि बहुतेक वाड्यांत एखादी तरी केशवपन केलेली, आलवण नेसलेली, मागच्या दाराने वावरणारी विधवा. सणासमारंभात तिने पुढे यायचं नाही, कुणाच्या नजरेला पडायचं नाही.

१८८२ साली या शहरात एक विधवा आली. वय २४. तिने केस उतरवले नव्हते. ती संस्कृतात भाषणं करायची, पुरुषांसमोर उभी राहून बोलायची. आणि तिच्या कडेवर एक वर्षाची मुलगी होती.

ती पंडिता रमाबाई. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात : त्यांनी विधवांसाठी संस्था काढली आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दोन्ही खरंच आहे, पण कडेवरची ती मुलगी या दोन्ही गोष्टींत मागे पडते. तिचं नाव मनोरमा. घरात सगळे मनो म्हणायचे. रमाबाईंनी जे जे केलं ते या लेकराला सोबत घेऊन, नाहीतर त्याच्यापासून दूर राहण्याचं दुःख गिळून केलं. ज्यांच्या घरात बी.एड.ची, नर्सिंगची किंवा नेट-सेटची पुस्तकं पाळण्याशेजारी पडलेली असतात, त्यांना हा भाग जास्त जवळचा वाटेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं त्यांनी ठरवलं, त्यावरून धर्ममार्तंडांशी वाद झाले आणि ते जंगलात आश्रम करून राहिले. पुढे पैसा संपला. कुटुंब तीर्थयात्रेला निघालं तेव्हा रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटीत घालून, माणसाच्या डोक्यावरून त्यांना जंगलातून खाली आणलं गेलं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांना घर असं नव्हतंच.

पण शाळा होती, आणि ती शाळा म्हणजे आई. लक्ष्मीबाई पहाट फुटायच्या आत छोट्या रमेला जवळ घेऊन, गोंजारून उठवायच्या आणि घरकाम सुरू होण्याआधी तिचा पाठ घ्यायच्या. दिवसभर स्वयंपाक, पाणी, मुलं, येणारे-जाणारे. तेव्हा स्वतःचा म्हणून जो वेळ उरे तो हाच, झोपेतून काढलेला. या अंधारातल्या पाठांतून रमाबाईंना हजारो श्लोक तोंडपाठ झाले. पुढे अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं ते त्यांनी आईच्या स्मृतीलाच अर्पण केलं.

१८७४ च्या सुमाराला दुष्काळाने हे कुटुंब मोडलं. आधी वडील, मग आई, मग बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत, पुराणं सांगत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आजही अशा लग्नाला किती घरं तयार होतील, हा प्रश्नच आहे.

१६ एप्रिल १८८१ ला मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला बिपिनबाबू पटकीने गेले. मुलगी दहा महिन्यांचीही झाली नव्हती.

आता त्यांची परिस्थिती बघा. माहेर संपलेलं. जातीबाहेरच्या लग्नामुळे सासरचा आधार नाही. हातात पैसा नाही. अंगावर दूध पिणारं मूल. त्या काळी अशा बाईला कुणा नातेवाइकाच्या घरी राबणं हीच वाट असायची, आणि इथे तर नातेवाईकही नव्हते. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारक मंडळींना त्यांच्या विद्वत्तेचं कौतुक होतं. रमाबाई मुलीला घेऊन पुण्याला आल्या.

आणि आल्या आल्या कामाला लागल्या. १८८२ च्या उन्हाळ्यातच आर्य महिला समाज सुरू झाला. बायकांनी आठवड्यातून एकदा जमायचं, ऐकायचं, बोलायचं. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या पुण्यात ती साधी नव्हती. रानड्यांच्या पत्नी, त्याही रमाबाईच, या सभांना जायच्या तर घरातल्या थोरल्या बायकांची बोलणी खायच्या. या दुसऱ्या रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत ते सगळं मोकळेपणाने लिहून ठेवलंय. वर्तमानपत्रांतूनही टीका सुरू झाली.

त्याच उन्हाळ्यात रमाबाईंचं पहिलं मराठी पुस्तक आलं, स्त्रीधर्मनीति. त्यात मुलांच्या संगोपनावर एक प्रकरण आहे. वर्षाचं मूल घरात असताना मूल कसं वाढवावं यावर लिहायचं म्हणजे काय असतं ते आयांना सांगायला नको. त्या पुस्तकात रमाबाई बायकांना बऱ्याच कडक शब्दांत कर्तव्यं सांगतात : आळस सोडा, घर नीट ठेवा, शिका, नवऱ्याच्या बरोबरीने वागण्याइतकं ज्ञान मिळवा. आज वाचताना काही ठिकाणी वाटतं की दोष बायकांवर जरा जास्तच टाकलाय. योगायोग असा की ताराबाई शिंदे यांचं स्त्री-पुरुष तुलना हे जळजळीत पुस्तकही १८८२ चंच, आणि ताराबाईंनी सगळा हिशोब पुरुषांकडे मागितलाय. रमाबाईंनी लिहिलं मवाळ, पण जगल्या त्या वेगळ्याच.

सप्टेंबरमध्ये शिक्षणाची पाहणी करणारं हंटर कमिशन पुण्यात होतं. रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांना बायका शिक्षक हव्यात, तपासायला बायका अधिकारी हव्यात, आणि बायकांना डॉक्टर व्हायला वाट करून द्या, कारण पुरुष वैद्याला दाखवायची लाज म्हणून बायका विनाउपचार मरतात. हंटरसाहेबांनी ती साक्ष इंग्रजीत करवून छापली. महात्मा फुल्यांनीही आपलं निवेदन त्याच कमिशनला त्याच वर्षी दिलं. भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू होऊन तेव्हा ३४ वर्षं झाली होती.

डॉक्टर हव्यात असं सांगून रमाबाई थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. हिंदुस्थानात तेव्हा ती सोय त्यांच्या आवाक्यात नव्हती. जायचं तर विलायतेला. मिस हरफर्ड यांच्याकडे त्यांचं इंग्रजी शिकणं सुरूच होतं. पुण्यात काम करणाऱ्या इंग्रज साध्वींनी त्यांच्या वाँटिज गावच्या मठात राहण्याची सोय केली. प्रवासखर्चाला स्त्रीधर्मनीतिच्या विक्रीचे पैसे कामी आले. म्हणजे जे पुस्तक बाईने घर कसं सांभाळावं हे शिकवत होतं, त्यानेच बाईचं बोटीचं तिकीट काढलं.

मुलीचं काय, हा प्रश्न होताच. कुणाकडे ठेवून जायचं तर कुणाकडे? रमाबाईंनी तिला सोबत घेतलं. २० एप्रिल १८८३ ला बोट निघाली तेव्हा मनोला दोन वर्षं पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. सोबतीला आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती.

विलायतेतलं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात आपल्या भाषेतलं बोलायला माणूस उरलं नाही, दोन वर्षांच्या मुलीशिवाय. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्याचा मोठा गदारोळ झाला, मित्रही दुखावले. महात्मा फुले मात्र त्यांची बाजू घेऊन लिहिते झाले. त्या धर्मांतराचे सगळे वाद इथे उकरायचं कारण नाही, कारण खरी घालमेल वेगळीच सुरू झाली होती.

आधी एक स्वप्न मोडलं. रमाबाईंना कमी ऐकू यायचं, आणि हा त्रास वाढत चालला होता. डॉक्टरकी शिकता येणार नाही, असं ठरलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातातून गेलं. दुसरी एखादी असती तर परतली असती. रमाबाईंनी मोहरा शिक्षणाकडे वळवला. चेल्टनम लेडीज कॉलेजात, डोरोथिया बील या नावाजलेल्या मुख्याध्यापिकांच्या हाताखाली, १८८४ पासून त्या एकीकडे संस्कृत शिकवत होत्या आणि दुसरीकडे गणित, विज्ञान, इंग्रजी शिकत होत्या. त्यासाठी मनोला मागे वाँटिजला, मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे ठेवावं लागलं.

सिस्टर जेराल्डिनना रमाबाई काय म्हणायच्या माहीत आहे? आजीबाई. पत्रांतही तेच संबोधन. नात्यागोत्याचं कुणी नाही तर हेच नातं त्यांनी जोडलं. आणि मग जे आजी आणि आई यांच्यात घराघरात होतं तेच इथेही झालं, फक्त पत्रांतून आणि धर्मशास्त्राच्या भाषेत.

सिस्टर जेराल्डिन मुलीवर मायाच करत होत्या, यात शंका नाही. पण ज्याच्या मांडीवर मूल वाढतं त्याला वाटतं की मुलाचं बरंवाईट ठरवायचा हक्कही आपलाच. चर्चच्या सगळ्या शिकवणुकीत मुलीने वाढावं, हा त्यांचा आग्रह. रमाबाईंनी धर्म स्वीकारला होता, पण त्यातला प्रत्येक सिद्धांत त्यांना पटलेला नव्हता, आणि न पटलेलं कुणाच्या दडपणाने मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. वडिलांनीही पंडितांच्या दडपणाला मान तुकवली नव्हती! मग मुलीच्या डोक्यात काय भरायचं हे दुसऱ्याने परस्पर का ठरवावं? त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं की मी आई आहे आणि या मुलीची जबाबदारी माझी आहे. सिस्टरना हा गर्व वाटला. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडंसुद्धा चालत नसे, त्यालाही सिस्टर जातीचा अभिमान म्हणाल्या. रमाबाईंच्या दृष्टीने ते त्यांचं खाणं होतं, बस.

आणखी एक काळजी त्यांना छळत होती. मुलगी इंग्रजांत वाढतेय. उद्या मोठी होऊन तिला आपल्या देशाची, आपल्या माणसांची, आपल्या नावाची लाज वाटली तर? हिंदुस्थानची लेक म्हणवून घ्यायला ती कचरली तर? हे त्यांना नको होतं आणि त्यांनी ते सिस्टरना कळवलं. आखातात, लंडनला किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत आज हाच विषय जेवणाच्या टेबलावर असतो.

हा वाद सोपा नव्हता, कारण रमाबाई उपकाराखाली होत्या. राहणं, खाणं, मुलीची देखभाल, सगळं त्याच माणसांच्या जिवावर. त्यांच्याशी भांडायचं आणि लेकरू पुन्हा त्यांच्याच ओटीत ठेवून कॉलेजला जायचं. मला रमाबाईंच्या सगळ्या चरित्रात हा भाग सर्वात अवघड वाटतो. कमिशनपुढे साक्ष देणं, सभा गाजवणं ही धाडसं डोळ्यांत भरतात. मूल सांभाळणाऱ्याचे उपकार मानत मानत त्याला नाही म्हणणं कुणाला दिसतही नाही.

१८८६ च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. आनंदीबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे : १४ व्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातून डॉक्टर व्हायचं त्यांनी मनावर घेतलं. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात त्यांना पदवी मिळाली तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. डॉक्टर व्हायला निघालेल्या दोन मराठी बायका. एकीने मूल गमावून पदवी मिळवली होती. दुसरीची पदवी हुकली होती, पण पाच वर्षांची लेक होती. आनंदीबाई पुढे वर्षभरही जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

रमाबाईंचा अमेरिकेतला मुक्काम वाढला. त्यांना तिथे बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकायची होती आणि मायदेशी विधवांची शाळा काढायला पैसा उभा करायचा होता. गावोगाव भाषणं, सतत प्रवास. या धावपळीत लहान मुलीचे हाल होणार. त्यांनी मनोला पुन्हा वाँटिजला पाठवलं. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याचकडे. यात त्या कच्च्या पडल्या असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. मुलीला खायला-प्यायला, शिकायला नीट मिळेल अशी दुसरी जागा त्यांना नव्हती. इतरांची मुलं कशी शिकवायची याचे धडे घेताना स्वतःची मुलगी समुद्रापलीकडे होती.

१८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. १८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई परतल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्याला आलं.

पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये तिचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं. त्याच पेठांच्या पुण्यात, जिथे विधवेने दारात उभं राहायचं नाही, तिथे विधवा मुली पाटी-पुस्तक घेऊन बसल्या. आणि त्यांच्यात मनोही वाढली. विलायतेतून आलेली मुलगी आता आईच्या शाळेत, मराठी मुलींच्या घोळक्यात. रमाबाईंनी आपली मुलगी आणि सदनातल्या मुली यांच्यात फार मोठी भिंत ठेवली नाही. एका आईला इतक्या मुली वाटून घेतात तेव्हा पोटच्या मुलीच्या वाट्याला किती येतं, हा प्रश्न मनात येतोच. मनोने त्याबद्दल तक्रार केली नाही. उलट मोठी होत गेली तशी तीच आईचं निम्मं काम उचलू लागली.

१८९३ मध्ये सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीती निराधार होती असं म्हणता येत नाही, आणि रमाबाईंनी मुलींना छत दिलं हेही नाकारता येत नाही. गंमत म्हणजे मुलाने कोणत्या श्रद्धेत वाढायचं हा जो प्रश्न त्यांनी सिस्टर जेराल्डिनना विचारला होता, तोच आता पुण्यातले आईबाप त्यांना विचारत होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. दुष्काळात आईवडील गमावलेल्या बाईला ते चेहरे ओळखीचे होते. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींची शाळा. शेकडो बायका तिथे राहिल्या, शिकल्या, बाळंत झाल्या. लेकरू घेऊन दारात आलेल्या बाईला ते लेकरू दुसरीकडे ठेवून ये, असं केडगावात कुणी सांगत नसे.

मनोरमा अमेरिकेत शिकून आल्या, पुढे मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या, शारदा सदनाच्या मुख्याध्यापिका झाल्या. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला, बंदानवाजांच्या गावी, मुलींसाठी शाळा सुरू करण्यात त्या पुढे होत्या. लग्न त्यांनी केलं नाही. आपल्यामागे सगळा कारभार लेकीनेच बघायचा, हे रमाबाईंनी ठरवून टाकलं होतं. स्वतः त्या आता जवळजवळ बहिऱ्या झाल्या होत्या आणि मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात त्यांनी शेवटची वर्षं घातली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेल्या. वय चाळीस. जिला कडेवर घेऊन आई पुण्यात आली होती ती आईच्या आधी गेली. रमाबाई भाषांतराच्या कामाला पुन्हा बसल्या. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला, लेकीनंतर नऊ महिनेही व्हायच्या आत, केडगावला त्यांनी डोळे मिटले. भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापून झालं.